टेबलावरचं वाफेचं इंजिन: हवेवर पळतं, वाफेवर अडतं

भोंगा_सोलापूर

नमस्कार मंडळी. ऑसिलेटिंग, म्हणजे डुलत्या सिलिंडरचं छोटं इंजिन तयार आहे, पण वाफेवर चालायचं नाव घेत नाही. सगळी मापं एकदमच देतो.

सिलिंडर पितळेचा, बोअर (आतला व्यास) १० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० मिमी, वाफ एकाच बाजूने. पिस्टन टेफलॉनच्या रॉडमधून टर्न केलेला, ९.९७ मिमी. तेल कमी पडलं तरी सरकत राहील म्हणून टेफलॉन. पिव्होटपासून (सिलिंडर डुलतो ती पिन) क्रँकशाफ्टच्या सेंटरपर्यंत ४० मिमी, पिव्होटपासून पोर्टपर्यंत (वाफेचं भोक) १२ मिमी. स्टँडवरची दोन्ही पोर्टं, एक वाफ आत यायचं आणि एक एक्झॉस्टचं, ३.२ मिमी, त्यांच्या सेंटरमध्ये ६ मिमी. सिलिंडरचं पोर्टही ३.२. फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं, ६० मिमी व्यास, १२ मिमी जाड.

बॉयलर ५० मिमी तांब्याच्या पाइपचा, १२० मिमी लांब, आडवा, सिल्व्हर ब्रेझिंग केलेला. सेफ्टी व्हॉल्व्ह २ किलो दाबाला सुटतो. खाली एका वातीचा स्पिरिटचा दिवा. बॉयलरपासून इंजिनापर्यंत ६ मिमीची तांब्याची नळी, साधारण ६० सेमी, उघडीच.

टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरवर १ किलोला झकास पळतं. वाफेवर मात्र गेज दीड किलो दाखवत असताना व्हॉल्व्ह उघडला, की पाणी थुंकत दहा-पंधरा सेकंद फिरतं, मग जड होत जातं आणि थांबतं. गेजचा काटाही तेवढ्यात अर्ध्या किलोच्या खाली येतो. थांबल्यावर फ्लायव्हील हाताने फिरवलं तर घट्ट लागतं. गार झालं की पुन्हा मोकळं. सिलिंडर आणि स्टँडच्या फेसमधूनही, म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या सपाट बाजूंमधूनही, वाफ सुटते. दोष बॉयलरचा की इंजिनाचा?

प्रेशर_कुकर

दोन्हीकडे आहे. मी वाफेच्या बाजूचं सांगतो, इंजिनाचं लेथवाले सांगतीलच.

आधी हिशोब. तुमचं इंजिन एका फेरीला साधारण १.६ सीसी वाफ घेतं. मिनिटाला ३०० फेरे धरले तर ४७० सीसी. १ किलो प्रेशरला एवढ्या वाफेचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण हे कागदावर. गार सिलिंडर, गळती, नळी, सगळं धरून मिनिटाला दीड ग्रॅम पाणी उकळायची तयारी ठेवा. त्यासाठी पाण्यात ६५ ते ७० वॉट उष्णता जायला हवी. उघड्या ज्योतीची तीन-चतुर्थांश उष्णता बाहेरच जाते, म्हणून स्पिरिट मिनिटाला अर्धा ते पाऊण ग्रॅम जळायला हवं.

हे तपासायला किचनचा वजनकाटा पुरतो. दिवा भरून वजन करा, बॉयलरखाली १० मिनिटं जाळा, विझवून पुन्हा वजन करा. ५ ते ७ ग्रॅम कमी व्हायला हवेत. २-३ ग्रॅमच कमी झाले तर दिवाच अपुरा. एका वातीच्या जागी तीन वाती लावा, मध्ये बोटभर अंतर ठेवा, आणि बॉयलरच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याचं आवरण करा, खाली हवेला भोकं ठेवून. आणि पंखा बंद. उन्हाळ्यात सोलापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याखाली स्पिरिटची ज्योत बॉयलरला धड लागतच नाही.

आता नळी. ६ मिमीची ६० सेमी उघडी नळी म्हणजे ११३ चौरस सेमी तापलेला तांब्याचा पृष्ठभाग. तिथून दहा-बारा वॉट सहज जातात, म्हणजे मिनिटाला तिसरा हिस्सा ग्रॅम वाफ नळीतच पाणी होते. इंजिनाची कागदावरची भूक अर्धा ग्रॅम, आणि वाटेत एवढी गळती! नळी ४ मिमीची घ्या, १५ सेमीपेक्षा लांब नको, इंजिनाकडे चढती ठेवू नका आणि मध्ये झोळ पडू देऊ नका, पाणी तिथेच साचतं. वरून सुती दोरा घट्ट गुंडाळा. यंत्रमागाच्या गावात सुताला काय तोटा, तीन-चार थर द्या.

बॉयलरमध्ये पाणी दोन-तृतीयांशच्या वर नको. तुमच्या मापात २३५ सीसी मावतं, तर १५० सीसी भरा. जास्त भरलं की उकळी थेट नळीत शिरते आणि इंजिन पाणी थुंकतं. बोअरवेलचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड, क्षाराचा थर बसतो आणि फेसही येतो. उजनीचं नळाचं त्यापेक्षा बरं, पण बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि विषय संपवा. गरम पाणी भरलं तर स्पिरिटही वाचतं.

लेथवाला_अण्णा

मालक, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. "थांबल्यावर घट्ट, गार झालं की मोकळं." पिस्टन टेफलॉनचा आहे ना, मग हेच होणार.

टेफलॉन तापल्यावर पितळेपेक्षा सहापट तरी फुगतं. १० मिमीचा पिस्टन ३० अंशावरून १२० अंशावर गेला तर व्यासात साधारण ०.११ मिमी वाढतो. पितळेचा बोअर तेवढ्याच उष्णतेत ०.०१७ मिमी वाढतो. फरक ०.०९. तुमची फट ०.०३. म्हणजे गरम असताना पिस्टन बोअरपेक्षा ०.०६ मिमी मोठा. टेफलॉन मऊ आहे म्हणून ते एकदम लॉक होत नाही, दाबून घासत राहतं आणि इंजिनाचा सगळा जोर तिथेच खातं. हवेवर इंजिन गारच राहतं, म्हणून तिथे ते शहाण्यासारखं वागतं.

खात्री करायची तर बॉयलर पेटवायचीही गरज नाही. इंजिनाची नळी काढा, पूर्ण इंजिन भांड्यात ठेवा, वरून उकळतं पाणी ओता, ५ मिनिटं राहू द्या. पक्कडीने बाहेर काढा आणि लगेच कापड धरून फ्लायव्हील फिरवा. घट्ट लागलं तर पिस्टन. मोकळं फिरलं तर माझं म्हणणं चूक, पुढे बघू. दुसरी एक खूण आहे. एकदा असं दाबलं गेलेलं टेफलॉन गार झाल्यावर आधीपेक्षा थोडं बारीक राहतं, म्हणून आता हवेवरही पहिल्यापेक्षा जास्त फुसफुस जाणवेल.

बोअर मोठा करून टेफलॉन तसंच ठेवायचा मोह होईल. नको. गरमला बरोबर बसेल इतकी फट ठेवली तर गार असताना ०.१ मिमीची गळती, इंजिन सुरूच होणार नाही.

स्पॅनर१३

फेसमधून वाफ सुटते म्हणताय, मग पिव्होटची स्प्रिंग आवळा. बहुतेक ऑसिलेटिंग इंजिनांचा तोच आजार. तेलासाठी गिअर ऑइल ९० टाका, वाफेला तेच टिकतं.

बुश_बेअरिंग

स्प्रिंगला शेवटी हात लावा. फेस सपाट नसेल तर कितीही आवळा, वाफ सुटणारच, वर सिलिंडर डुलायला जड होईल. आणि सुरुवातीची अर्ध्या मिनिटाची थुंकी हा दोष नाहीच. गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दबत नाही, ते कुठूनतरी निघायलाच हवं. डुलत्या सिलिंडरची सोय ही, की तो स्प्रिंगवर क्षणभर उचलला जातो आणि पाणी बाहेर टाकतो. मोठ्या इंजिनांना यासाठी ड्रेन कॉक असतात. कुर्डुवाडीला बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची वाफेची गाडी सुटताना चाकांपाशी फवारे उडायचे ते तेच. स्प्रिंग करकचून आवळली तर तुमच्या इंजिनाची ती वाट बंद होईल.

माझ्या मते खरी गोम पोर्टांत आहे. अण्णांनी पिस्टनचं सांगितलं ते पटतं, पण पिस्टन बदलूनही प्रेशर पडायचं थांबणार नाही. बघा. क्रँकचा थ्रो, म्हणजे स्ट्रोकचा निम्मा, १० मिमी, पिव्होटपर्यंत ४०, म्हणजे सिलिंडर मधल्या रेषेपासून १०/४० इतका झुकतो. पोर्ट १२ मिमीवर, म्हणून ते बाजूला सरकतं १२ × ०.२५ = ३ मिमी. तुम्ही स्टँडची पोर्टं ६ मिमी अंतरावर घेतलीत, ते बरोबर. चुकलाय तो व्यास. क्रँक डेड सेंटरला (पिस्टन टोकाला पोचून उलटतो ती जागा) असताना सिलिंडरचं पोर्ट दोन्ही पोर्टांच्या बरोबर मध्ये उभं असतं आणि त्याने कुणालाच स्पर्श करायचा नसतो. त्यासाठी दोन्ही भोकांच्या त्रिज्यांची बेरीज ३ पेक्षा कमी हवी. तुमची १.६ + १.६ = ३.२. म्हणजे प्रत्येक डेड सेंटरला आत येणारी वाफ सिलिंडरच्या पोर्टातून सरळ एक्झॉस्टला जाते. फेरीत दोनदा.

मग हवेवर का कळलं नाही? कारण कॉम्प्रेसर मिनिटाला वीसेक लिटर हवा ढकलतो. तुमचा बॉयलर सगळं जमून आलं तरी १ किलोला सव्वा लिटरच्या आसपास वाफ देतो. कॉम्प्रेसरपुढे ही गळती काहीच नाही, बॉयलरसाठी तीच सर्वस्व आहे. म्हणून हवेवर "चालतं" याला मी फारशी किंमत देत नाही. किती कमी हवेवर चालतं ते महत्त्वाचं. चांगलं जमलेलं या मापाचं इंजिन ०.२ ते ०.३ किलोला आरामात फिरतं. तुमचं १ किलोला फिरतंय, म्हणजे तिथेही घर्षण किंवा गळती आहेच.

तपासणी: क्रँक डेड सेंटरला धरून ठेवा, वाफेच्या नळीत तोंडाने फुंका, एक्झॉस्टच्या भोकावर साबणाचं पाणी लावा. फुगा आला की पोर्ट.

गिअर ऑइलबद्दल: डब्यावर जीएल-५ लिहिलेलं पितळ आणि गनमेटलला (तांबं-कथलाचा मिश्रधातू) नको. त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी गरम असताना पितळ काळं पडतं आणि खाल्लं जातं. मागाला वापरतात ते स्पिंडल ऑइलही नको, फार पातळ, वाफ ते धुऊन नेते. स्टीम सिलिंडर ऑइल ४६० ग्रेडचं मिळालं तर उत्तम. तेच ओल्या वाफेत धातूला चिकटून राहतं.

भोंगा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. उकळत्या पाण्याची तपासणी केली, फ्लायव्हील घट्ट झालं, अण्णांचं बरोबर. डेड सेंटरला साबणाचा फुगाही येतो. दिव्याचं वजन १० मिनिटांत ३ ग्रॅमच कमी झालं. म्हणजे तिन्ही आजार एकदम!

आता विचारायचं असं. पिस्टन कशाचा करू? आणि पोर्टांसाठी स्टँड नवा करावा लागेल का? सिलिंडर पुन्हा करायची अजिबात इच्छा नाही.

लेथवाला_अण्णा

पिस्टन गनमेटलचा करा. गनमेटल आणि पितळ जवळजवळ सारखंच फुगतं, त्यामुळे गार असतानाची फट गरमलाही तशीच राहते. पितळात पितळ चालवू नका, तेल कमी पडलं की एकमेकांना ओरखडे काढतात. माइल्ड स्टील तर नकोच. दोन दिवस बंद राहिलं की गंजून चिकटेल.

माप ९.९८. लांबी जुन्याइतकीच ठेवा आणि वरचा काठ त्याच जागी येईल असं बघा, नाहीतर टॉप डेड सेंटरला पिस्टन पोर्ट झाकेल. बाहेरून ०.५ मिमी खोल दोन खाचा मारा, त्यात तेल आणि पाणी साचून तेच सील करतं. कडा बोथट करू नका. धारदार कड तेल पुसते हे खरं, पण गोल केली तर कचरा फटीत शिरतो, ते वाईट.

बोअरला ओरखडे असतील आणि ०.०२ ची फट जमत नसेल तर पिस्टनला २ मिमी रुंद, १.५ मिमी खोल एकच खाच घ्या आणि ग्राफाइटची ग्लँड दोरी उसवून तिचा एक पदर त्यात गुंडाळा. पंपाच्या ग्लँडला वापरतात तीच. पांढरी जुनी दोरी कुठे पडलेली दिसली तर घेऊ नका, ॲस्बेस्टॉस असू शकते. पदर तेलात भिजवा आणि पिस्टन आपल्या वजनाने खाली जाणार नाही पण बोटाने सहज ढकलला जाईल इतकाच भरा. लोक इथे ठासून भरतात आणि मग पुन्हा "जड फिरतं" म्हणून येतात. ओ-रिंगही चालते, व्हायटॉनची घ्या, पण ती बोअरमध्ये फक्त ०.१ मिमी दबायला हवी. १० मिमीच्या बोअरला १ किलोवर जोरच पाऊण किलोचा मिळतो, त्यातला अर्धा रिंगच्या घर्षणात घालवू नका.

एवढा बारीक जॉब अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर करून घेणार असाल तर बोअर सोबत घेऊन जा. नुसतं माप सांगून ०.०२ कुणी धरून देणार नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. बोअरमध्ये बसवून बघूनच शेवटचा कट घ्यायचा असतो.

फ्लायव्हीलही बदला. तुमचं ॲल्युमिनियमचं ९० ग्रॅमच्या आसपास आहे. त्याच मापाचं लोखंडी २६५ ग्रॅम भरेल. एकाच बाजूने वाफ घेणाऱ्या इंजिनाला उरलेला अर्धा फेरा फ्लायव्हीलनेच काढायचा असतो.

बुश_बेअरिंग

स्टँड नवा नको. स्टँडची दोन भोकं तशीच ठेवा, सिलिंडरचं एकच भोक बारीक केलं तरी भागतं. ते २.५ केलं की त्रिज्यांची बेरीज १.६ + १.२५ = २.८५. दोन्हीकडे ०.१५ मिमीची बंद पट्टी मिळते. फार नाही, पण पुरते.

सिलिंडरचं भोक बुजवायला पितळेचा ३.२ मिमीचा तुकडा हलकेच ठोकून बसेल असा करा, फ्लक्स लावा आणि साध्या कथलाच्या सोल्डरने भरा. हे सोल्डर १८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि २ किलोची वाफ १३४ अंशाची असते, म्हणून इथे ते चालतं. बॉयलरला मात्र कधीही नाही, तिथे पाणी संपलं की तापमान बघता बघता त्यापुढे जातं. तुकडा बोअरमध्ये डोकावत असेल तर १० मिमीचा रीमर हाताने फिरवून काढा. मग जुन्याच सेंटरवर २.५ चं भोक. सेंटर जरा जरी बाजूला सरकलं तरी एका बाजूची ०.१५ ची पट्टी जाईल, त्यामुळे आधी सेंटर ड्रिल, मग १.५, मग २.५.

यानंतर फेस घासायचा. जाड काचेवर ८०० चा वॉटर पेपर, मग १२००, पाणी घालून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवत. दोन्ही फेस. शेवटचा हात ब्रासोने. व्हॉल्व्ह घासायची कार्बोरंडम पेस्ट वापरू नका, तिचे कण पितळेत रुततात आणि इंजिन चालताना फेस खात बसतात. मार्कर पेनने एक फेस रंगवा, दुसऱ्यावर दोन-तीनदा घासा, रंग कुठे गेला ते बघा. एकाच कडेचा गेला तर पिव्होटची पिन फेसला काटकोनात नाही, आणि ते घासून सुधारत नाही, पिनचं भोक पुन्हा करावं लागतं. सगळीकडचा सारखा गेला तर पिव्होटभोवती ८ मिमी व्यासाची, ०.२ मिमी खोल अशी जागा खरवडून घ्या. मध्यभागी टेकत नाही म्हटल्यावर फेस कडांवर नीट बसतो.

आता स्प्रिंग. दीड किलो हवा लावा, फेसमधली फुसफुस थांबेपर्यंत नट आवळा, त्यापुढे पाव आटा. बस.

प्रेशर_कुकर

दोन गोष्टी राहिल्या. गेज बॉयलरवर थेट बसवलंय का? मध्ये नळीचा एक वेढा हवा, पाणी भरलेला. वाफ थेट गेजमध्ये गेली की काटा काही दिवसांनी वाट्टेल ते दाखवतो, आणि तुमचं "दीड किलो" खरं दीड आहे का हेच कळत नाही.

बॉयलरची पाण्याची टेस्ट झाली नसेल तर नवीन दिवा लावण्याआधी करा. थंड पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही नको, आणि कामाच्या दाबाच्या दुप्पट म्हणजे ४ किलोला पंधरा मिनिटं धरा. प्लंबरकडे पाइपलाइन टेस्टिंगचा हातपंप असतो, तो चालतो. पण त्याला ४ किलो काहीच नाही, दांडा हळू दाबा. काटा घसरला किंवा टोकाच्या झाकण्या फुगल्या तर पेटवू नका. हवा भरून ही टेस्ट कधीच नाही. पाणी दबत नसल्यामुळे जोड सुटला तर नुसतं गळतं, हवा फुटते.

तीन वातींच्या दिव्यात स्पिरिट संपलं की पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. उघड्यावर प्रात्यक्षिक असेल तर आपल्याकडच्या उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. दिवा विझलाय असं समजून लोक बाटली ओततात.

भोंगा_सोलापूर

गेज थेट आहे, वेढा घालतो. शेवटचं एक: तेल कसं द्यायचं? दर वेळी नळी काढून थेंब टाकायचे का?

बुश_बेअरिंग

सुरुवातीला तसंच. चालू करण्याआधी वाफेच्या तोंडात दोन थेंब, फेसवर एक, क्रँक पिनवर एक. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकाला पुरतं.

जास्त वेळ चालवायचं तर लुब्रिकेटर करा. १२ मिमीची पितळी नळी, ३० मिमी लांब, वर स्क्रूचं झाकण, खाली पाणी काढायचा स्क्रू. ती वाफेच्या नळीला इंजिनाजवळ उभी जोडा. वाफेची नळी तिच्यातून आरपार जाते आणि आतल्या भागात नळीला वरच्या बाजूने ०.५ मिमीचं एकच भोक. त्यातून थोडी वाफ आत जाते, पाणी होऊन तळाशी बसते, तेल तेवढं वर उचललं जाऊन भोकातून नळीत उतरतं. भोक १ मिमीचं केलं तर सगळं तेल दोन मिनिटांत एक्झॉस्टमधून टेबलावर येईल. लुब्रिकेटरला सूत गुंडाळू नका, तो गार राहिला तरच आत पाणी होतं. प्रत्येक वेळी बंद केल्यावर खालचा स्क्रू काढून पाणी सोडा, तेल भरा. फक्त आत वाफेचा दाब उरलेला नाही हे गेजवर बघूनच झाकणाला हात लावा.

सुरू करताना व्हॉल्व्ह पाव उघडा, फ्लायव्हील हाताने मागेपुढे हलवत राहा. थुंकी थांबून एक्झॉस्टमधून कोरडा फुसका आवाज यायला लागला की सोडा.